जुन्या सफरी सायकलीस रुंद टायर व मडगार्डें

शेतकऱ्याच्या घरीं कुळव, पाभर, पंप यांची निगा ठेविली जाते. परंतु पडवींत टांगलेल्या जुन्या सायकलीकडे सहसा कोणी पाहात नाहीं. ती बिघडली कीं मोडवाल्यास द्यावी व नवी आणावी, अशी अलीकडची रीत आहे. गेल्या वर्षीं अशी एक सायकल आम्हीं मोडींतून वांचविली. तिला रुंद टायर घातले, मडगार्डें बसविलीं, आणि या कामीं ज्या अडचणी आल्या त्या वाचकांपुढें ठेवाव्या असें मनानें घेतलें. काम मुंबईंत झालें, पण सायकल शेवटीं जावयाची होती बार्शी तालुक्यांतील काळ्या रानांत. त्यामुळें दोन्हींकडील चिखलांचा विचार एकदम करावा लागला. आणि त्या दोन चिखलांत किती अंतर आहे हें, जन्म गांवीं गेलेला असूनहि, आम्हांस पुरतें उमगलें नव्हतें.

सायकल मूळची आमच्या मामांची. ते परळच्या एका कापडगिरणींत कामास होते, आणि तेथीलच वरच्या हुद्द्यावरील एका गृहस्थांकडून त्यांनीं ती जुनी म्हणून घेतली होती. इंग्रजी बनावटीची, लांबच्या सफरीसाठीं केलेली. सांगाडा हलक्या पोलादी नळ्यांचा, टायर अरुंद, मागल्या चाकावर दांत्यांच्या पांच चकत्या. सायकलीवरून सफर ही कल्पना आमच्या कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण मुंबईस ती नवी नाहीं. १५ आक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासास निघाले, आणि त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांची मजल मारून मार्च १९२८ मध्यें परत आले. मामांची मजल लालबाग ते परळ एवढीच असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला; मामा कांहीं महिने वाट पाहून गांवीं निघून गेले, आणि सायकल चाळीच्या गॅलरींत आमच्या खोलीबाहेरील कड्यास टांगली गेली. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. पुढें महसूल खात्यांतील कारकुनींत सारा जन्म गेला, पण तिला हात लावण्यास सवड झाली नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर पहिलें काम केलें तें हें कीं, ती खालीं उतरविली, छऱ्या धुऊन नवें वंगण भरलें आणि जुन्याच रिमांवर नवे टायर चढवून ती वापरण्यास काढली.

वापर कशासाठीं, तेंहि सांगतों. आमचे धाकटे बंधू गांवीं झेंडू करितात. माल रात्रीच्या टेंपोनें दादरच्या फूलबाजारांत येतो. पहांटे भाव काय निघाला हें घरच्या माणसानें डोळ्यांनीं पाहिलेलें बरें, म्हणून आम्ही लालबागेहून निघून परळ, हिंदमाता, दादर टीटी असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गानें जात असूं व टिळक पुलावरून पलीकडे उतरत असूं. अंतर अवघें तीन-चार किलोमीटर. उन्हाळ्यांत यांत कांहींच अडचण आली नाहीं. पहिला पाऊस पडतांच मात्र दोन गोष्टी घडूं लागल्या. मडगार्डें नसल्यानें मागील चाकाचें पाणी पाठीवर उडून सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत काळा पट्टा उमटे, आणि पुढील चाकाचें पाणी चेनवर व पायांवर येई. बाजारांत अडत्यासमोर उभें राहावयाचें तें अशा अवतारांत. हें एक वेळ चाललें असतें. दुसरी गोष्ट चालण्यासारखी नव्हती.

हिंदमात्याचा भाग सखल आहे. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती यांची गांठ पडली कीं तेथें पाणी सांचतें, हें वर्तमानपत्रें वाचणारांस ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर चिकट गाळ राहतो. श्रावणांतील एका पहांटे अशा गाळांतून जात असतां पुढील हातगाडी अकस्मात् थांबली. आम्हीं ब्रेक दाबला, तो धरला नाहीं. सायकल बाजूस वळविली, तों पुढील चाक गटाराच्या लोखंडी जाळीच्या दोन गजांमध्यें उतरलें आणि आम्ही हँडलावरून पलीकडे गेलों. कोपर सोलवटलें, चष्मा फुटला. झेंडू त्या दिवशीं कोणत्या भावानें गेला हें आम्हांस अडत्याच्या चिठ्ठीवरूनच कळलें, आणि चिठ्ठींतला भाव आदल्या दिवशींच्या निम्मा होता. तो खरा कीं खोटा, हें सांगण्यास घरचें कोणी तेथें नव्हतें.

दादर टीटी या नांवांतील टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं बंद झाली. रूळ होते तोंवर त्यांची खोबण ही सायकलस्वाराची वैरीण होती. रूळ गेले तरी जाळ्या, पेव्हर ब्लॉकांमधील फटी आणि सिमेंटच्या रस्त्याचे उभे सांधे यांनीं तिची जागा भरून काढिली आहे. फट जितकी रुंद तितक्या किंवा त्याहून कमी रुंदीचा टायर तींत उतरावयाचाच. आमचा टायर होता ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच.

पडल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं येथें दोष एक नसून दोन होते. ब्रेक न धरण्याचा दोष टायरचा नव्हता, रिमचा होता. मुलामा दिलेली लोखंडी रिम कोरडी असतां बरी. ओली झाली कीं रबरी गुटका तिच्यावरून निसटत जातो, आणि दोन-तीन फेरे पाणी पुसून निघेपर्यंत सायकल थांबत नाहीं. अॅल्युमिनियमची रिम ओली असतांहि पुष्कळ बरी धरते. तेव्हां टायरबरोबर रिमाहि बदलणें ओघानेंच आलें.

आतां रुंद टायरानें काय होतें, तें पाहूं. आमच्या वाचकांनीं लोखंडी धांवेची बैलगाडी आणि रबरी टायरची बैलगाडी या दोन्ही पाहिल्या आहेत. तेंच ओझें, तेच बैल. पण पहिली ओल्या वाटेंत आऱ्यांपर्यंत रुतते आणि दुसरी वरून जाते. कारण इतकेंच कीं ओझें जितक्या जागेवर पसरेल तितका जमिनीवर दाब कमी. हवेच्या टायरांत ही जागा ढोबळ मानानें हिशोबानें काढितां येते: चाकावरील भार भागिले टायरमधील हवेचा दाब. मागील चाकावर ५० किलो म्हणजे सुमारें ११० पौंड भार धरला आणि अरुंद टायरांत ७५ पौंडांची हवा असली, तर रस्त्यास टेकलेली जागा सुमारें दीड चौरस इंच होते. तीच हवा ५० पौंड केली तर जागा सव्वादोन चौरस इंच होते. मग अरुंद टायरांतच हवा कमी कां भरूं नये? कारण तसें केल्यास खड्ड्यावर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोन्हींमध्यें चिमटून तिला शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात. रुंद टायरास उंचीहि अधिक असते, म्हणून तो कमी हवेंत चालतो. रुंद टायर म्हणजे जड चालणारी सायकल, असाहि एक समज आहे. तो पुरता खरा नाहीं. हवा सारखी ठेविली तर रुंद टायर कमी दबतो व कमी शक्ति खातो. खडबडीत रस्त्यावर तर कमी हवेचा टायर खड्डे स्वतः गिळतो, ते स्वाराच्या अंगावर येत नाहींत.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हवेचा टायर व्यवहारांत आणणारे जॉन बॉइड डनलॉप हे गुरांचे डॉक्टर होते. बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीसाठीं त्यांनीं तो केला व १८८८ त त्याचा हक्क नोंदविला. त्यांच्याहि आधीं, १८४५ त, रॉबर्ट थॉमसन यांनीं तशीच युक्ति नोंदविली होती. पण ती तेव्हां कोणाच्या उपयोगीं पडली नाहीं.

टायर रुंद घ्यावयाचा हें ठरलें; पण किती रुंद, आणि कोणत्या मापाचा? येथें आमची खरी फजीति झाली. मुंबईंतील एका दुकानदारानें सांगितलें कीं सत्तावीस-सव्वाच्या जागीं अठ्ठावीस-दीड चढवा, तोच रुंद. अठ्ठावीस-दीड म्हणजे दूधवाले, डबेवाले व खेड्यांतील शेतकरी यांच्या काळ्या उभ्या सायकलीचा टायर. त्यानें तो आमच्या जुन्या रिमवर चढवूनहि दाखविला, आणि चढतांना पान्याचीहि गरज लागली नाहीं, हें पाहून आम्हांस आनंद झाला. होऊं नये होता. चाळीच्या जिन्यापाशीं हवा पुरी भरतांच टायर एका अंगानें रिमवरून उचलला गेला आणि ट्यूब बाहेर येऊन बंदुकीसारखा आवाज झाला. वाटेंत, उतारावर, तसें झालें असतें तर काय झालें असतें याचा विचार करवत नाहीं.

मग आम्हीं कचेरीची संवय धरून मापें लिहून काढिलीं. टायरवर ठळक छापलेला इंचांचा आंकडा हा जुन्या कागदांतील अजमासे क्षेत्रासारखा आहे. त्यावर भरंवसा ठेवून बांध घालूं नये. तो चाकाचा बाहेरील व्यास आहे, तोहि ढोबळ. रिमशीं खरा संबंध टायरच्या आंतील तारेच्या कड्याचा, आणि त्याचें माप टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत मिलिमीटरमध्यें छापलेलें असतें. अठ्ठावीस-दीडवर ४०-६३५ असें असतें. पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा कड्याच्या व्यासाचा. सत्तावीस-सव्वावर ३२-६३०. म्हणजे कड्यांत फरक अवघा ५ मिलिमीटरचा. एवढ्यानें टायर सैल बसतो, डोळ्यांस बसलासा दिसतो, आणि हवेच्या जोरानें निघून येतो. याहून गंमत अशी कीं परदेशीं ज्यास ७०० सी म्हणतात व आतां आपल्याकडे गियरच्या सायकलींवर जो सर्रास येतो, त्या टायरवरहि पुष्कळदां २८ इंच असेंच छापलेलें असतें; परंतु त्याचें कडें ६२२. तेव्हां दोन ‘अठ्ठावीस’ एकमेकांच्या रिमवर मुळींच चालत नाहींत. वाचकांनीं टायर आणण्यास माणूस पाठवितांना ‘अठ्ठावीसचा आण’ असें न सांगतां हा जोडआंकडा कागदावर लिहून द्यावा.

६३० च्या कड्यांत रुंद टायर बाजारांत मिळेनात. ६२२ मध्यें हवे तितके मिळतात. म्हणून ६२२ च्या नव्या अॅल्युमिनियमच्या रिमा घालावयाच्या असें ठरविलें. चाकाची त्रिज्या ४ मिलिमीटरांनीं कमी होणार. म्हणजे ब्रेकचे गुटके तितके खालीं सरकले पाहिजेत. ब्रेकच्या पायांत गुटका वरखालीं करण्यास उभी खांच असते. आमच्या सायकलींत खांचेंत खालीं ६ मिलिमीटर जागा शिल्लक होती. ती नसती तर लांब पायांचे दुसरे ब्रेक घ्यावे लागले असते. ही जागा रिमा विकत घेण्यापूर्वीं मोजावी, नंतर नव्हे. गुटका रिमच्या मधोमध बसला पाहिजे. वर गेला तर टायर कापतो, खालीं गेला तर निसटून आऱ्यांत शिरतो.

टायरची रुंदी ठरवितांना सांगाड्यास विचारावें लागतें. मागील बाजूस चाकाच्या दोन्ही अंगांनीं जाणाऱ्या खालच्या नळ्यांमध्यें, टायर जेथें येतो तेथें, आमच्या सायकलीस ४८ मिलिमीटर जागा होती. पुढील चिमट्यांत ५०. टायर ३७ चा घेतला तर मागें दोन्ही बाजूंस साडेपांच साडेपांच मिलिमीटर उरतात. चाक थोडें वांकडें झालें, तार तुटली, तरी घासूं नये यासाठीं एवढी जागा हवीच. ४० चाहि बसला असता; पण मग मडगार्ड कोठून नेणार? मडगार्ड टायरपेक्षां आठ-दहा मिलिमीटर रुंद असलें म्हणजे पाणी बाजूंनीं उडत नाहीं. आम्हीं ४५ चें घेतलें. तें ४८ मधून कसेंबसें जातें.

उंचीचा हिशोब मात्र आमच्या बाजूचा निघाला. पूर्वीची त्रिज्या ३१५ आणि टायर ३२, मिळून ३४७. आतांची ३११ आणि ३७, मिळून ३४८. टायर पांच मिलिमीटरांनीं वाढून चाक एकाच मिलिमीटरानें वाढलें. चिमट्याच्या माथ्याखालीं पूर्वीं १७ मिलिमीटर फट होती, ती १६ झाली. त्यांत मडगार्डाचा पत्रा व त्याचा बोल्ट यांस दोन-तीन गेले, तरी टायर व मडगार्ड यांमध्यें तेरा-चौदा राहिले. मुंबईसाठीं हें उत्तम. बार्शीसाठीं नाहीं, तें पुढें येईल.

रिम बदलतांना आऱ्यांचीं भोंकें मोजण्यास विसरूं नये. जुन्या इंग्रजी सायकलींस व त्यांच्या नमुन्यावर झालेल्या आपल्या काळ्या सायकलींस पुढें ३२ व मागें ४० तारा असतात. नव्या रिमा बहुधा ३२ किंवा ३६ भोंकांच्या. सुदैवानें आमच्या सायकलीस दोन्हींकडे ३६ होत्या, म्हणून जुने हब ठेवितां आले. तारा मात्र नव्या घेतल्या, कारण रिम लहान झाली कीं जुन्या तारांचीं टोकें रिमच्या आंत निघून ट्यूबेंत शिरतात. चाक बांधून आऊट काढण्याचें काम परळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनें केलें. दोन चाकांस त्यानें एक संपूर्ण दुपार घेतली आणि मध्यें एकदांहि मान वर केली नाहीं. तरुण कारागिरांनीं हें काम अर्ध्या तासांत करून देण्याची तयारी दाखविली होती. ज्यास घाई नाहीं त्यासच हें काम द्यावें, असें आमचें मत आहे. पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरांनंतर तारा एकदां पुन्हां ताणून घ्याव्या. नव्या तारा बसतांना ढिल्या पडतात.

मडगार्डें तीन प्रकारचीं मिळतात. लोखंडी पत्र्याचें मजबूत, पण जड; आणि मुंबईच्या खाऱ्या हवेंत आंतल्या बाजूनें गंजतें, म्हणून लावण्यापूर्वीं आंतून तांबड्या ऑक्साइडचा हात द्यावा. प्लॅस्टिकचें हलकें, पण उन्हांत टांगून ठेविल्यास पुढें तडकतें. आम्हीं अॅल्युमिनियमचें घेतलें. लावण्याची रीत कोणत्याहि मडगार्डाची एकच. आधीं माथ्यावरील बोल्ट सैल लावावा, मग दोन्ही बाजूंच्या सळ्या आंखाजवळील लहान भोंकांत अडकवाव्या, आणि टायर व मडगार्ड यांमध्यें सारख्या जाडीच्या लांकडी पट्ट्या तीन ठिकाणीं ठेवून सर्वत्र अंतर सारखें आल्यावरच नट आवळावे. सळीस ताण देऊन, वांकवून नट लावला तर मडगार्ड कायम कण्हत राहतें आणि सहा महिन्यांत त्याच जागीं चिरतें. पत्रा व सांगाडा यांमध्यें जुन्या ट्यूबेचे रबरी वॉशर घातले म्हणजे खडखड होत नाहीं. बोल्टचें डोकें आंत, चाकाकडे, आणि नट बाहेर ठेवावा. उलट केल्यास बोल्टचें लांब टोक टायर खातें. जास्तीच्या सळ्या कापून टोकें कानशीनें गोल करावीं.

पुढील मडगार्डाची सळी ही जपण्याची वस्तु आहे. तिचा नट गळाला व मडगार्ड मागें ओढलें जाऊन चाक व चिमटा यांत गुंडाळलें गेलें तर चाक जागच्या जागीं थांबतें आणि स्वार डोक्यावर पडतो. म्हणून तेथें एकावर एक दोन नट लावावे, आणि चाकाशीं काडी अगर कापड अडकल्याचा आवाज येतांच उतरून पाहावें. चालत्या सायकलीवरून लाथ मारून काडी काढूं नये. मागील बाजूस खालीं झुलता रबरी पडदा लावावा. पुढच्या मडगार्डास तो असल्यावांचून पाय व चेन कोरडी राहात नाहीं. आम्हीं ट्रकच्या जुन्या ट्यूबेचा, जमिनीपासून चार बोटें उंच राहील इतका लांब लावला. शेवटीं सायकलीवर बसून, पॅडल आडवें धरून हँडल पुरतें वळवून पाहावें. पावलाचें टोक मडगार्डास लागत असेल तर वेग नसतां वळतांना संभाळावें लागेल. आमच्या सायकलीस तें किंचित् लागतें, संवयीनें भागतें.

टायरांत आतां मागें ५० व पुढें ४० पौंड हवा भरतों. जाळीवरून चाक उतरत नाहीं; हिंदमात्याच्या गाळांत ब्रेक धरतो. भाद्रपदापासून फूलबाजाराची फेरी एकहि चुकली नाहीं, आणि सदरा पांढरा राहतो.

हें काम चालू असतांच बंधूंचा फोन आला. त्यांची थोरली मुलगी हायस्कुलांत जाऊं लागली होती. शाळा वस्तीपासून पांच किलोमीटर, पैकीं दोन किलोमीटर काळ्या रानांतील गाडीवाट. मुंबईंत सायकल तयार होत आहे तर तीच दिवाळीनंतर धाडावी, तुम्हांस तेथें दुसरी मिळेल, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस सायकल देण्याचें दुःख नव्हतें, असें म्हटलें तर तें खोटें होईल. पण पुतणीपुढें तें काय! काळजी वाटली ती निराळी.

आमच्या चुलतबंधूंची हकीकत वीसएक वर्षांपूर्वींची आहे. आश्विनांतील दिवस, पाऊस उघडून दोन दिवस झालेले, जमिनीस अजून वाफसा आलेला नाहीं. ज्वारीचें बीं आणण्यास ते काळ्या सायकलीवर निघाले. काळी माती त्या वेळीं कशी असते तें वाचकांस सांगणें नलगे: चपलेस लागते, तिच्यावर दुसरी लागते, आणि दहा पावलांत पाय मणाचे होतात. टायरचेंहि तेंच होतें. चिखल टायरबरोबर वर जातो, मडगार्डाच्या माथ्याशीं दाबला जातो, पुढील फेऱ्यास आणखी येतो, आणि घट्ट विटेसारखा बसतो. त्यांस चाक जड लागलें. त्यांनीं जोर केला. ओढ्याच्या उतारावर पुढील चाक पुरतें आवळलें गेलें. गळ्याजवळचें हाड मोडलें. वाफसा आला तेव्हां ते हात गळ्यांत बांधून ओट्यावर बसलेले होते, पाभर अंगणांत उभी होती, आणि भाडोत्री माणसाच्या हातून पेर होईपर्यंत ओल उडून गेली. त्या वर्षींचा त्यांचा कडबा गुरांस माघापर्यंतहि पुरला नाहीं.

मुंबईचा चिखल पातळ, तो उडतो. काळ्या रानाचा चिखल उडत नाहीं, चढतो. पहिल्यास मडगार्ड जितकें जवळ व लांब तितकें चांगलें. दुसऱ्यास तेंच फांस होतें. आणि रुंद टायरहि तेथें निखालस गुणाचा नव्हे. वाळूंत, मुरमांत, सैल धुळींत तो वर तरंगतो. पण चिकट मातींत रुंद टायर अधिक माती उचलतो, अरुंद टायर तीस कापून जातो. ३७ हून रुंद टायर न घेतल्याचें आम्हांस या वेळीं समाधान वाटलें.

पुतणीसाठीं म्हणून आम्हीं दोन फेरफार केले. चिमट्याच्या माथ्याखालीं सोळाच मिलिमीटर जागा, ती वाढवितां येण्यासारखी नाहीं. म्हणून पुढील मडगार्ड हातानें निघेल असें केलें. सळ्यांस व माथ्यास साध्या नटाऐवजीं कानांचे नट लावले, ते पान्यावांचून फिरतात. एरवीं ते ढिले पडूं नयेत यासाठीं त्यांखालीं स्प्रिंगचे वॉशर घातले. मागील मडगार्ड खालच्या नळ्यांजवळ, जेथें जागा सर्वांत अडचणीची, तेथें चार बोटें कापून टाकलें. पाठीवर पाणी न येण्यास वरचा भाग पुरतो. आणि सायकलीबरोबर बांबूची एक चपटी कामठी दिली. चाक जड लागलें कीं जोर करावयाचा नाहीं. उतरावयाचें, कामठीनें माती काढावयाची, मग बसावयाचें. हें आम्हीं तिच्याकडून तीन वेळां म्हणवून घेतलें. तिनें तीन वेळां म्हटलें, चौथ्या वेळीं हंसली.

ज्यांच्या घरीं अठ्ठावीस-दीडची काळी सायकल आहे त्यांनीं यांपैकीं बहुतेक उद्योग करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिचा टायर मुळांतच ४० चा आहे, सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात, आणि तिला आणखी रुंद टायर घालण्यास चिमट्यांत जागा नाहीं. अशी सायकल एके काळीं मुंबईंत वरळीसहि तयार होत असे. हिंद सायकल्स हा तेथील कारखाना १९८० च्या कायद्यान्वयें सरकारनें ताब्यांत घेतला होता, आतां तो राहिला नाहीं. मुंबईचे डबेवाले, जे बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगांव अशा पुण्याकडील तालुक्यांतले, म्हणजे आपल्यापैकींच, ते याच जातीच्या सायकलीवर डब्यांचें ओझें नेत आले आहेत, यावरून तिची योग्यता कळावी. तिच्या मालकांनीं एवढेंच पाहावें कीं पुढील मडगार्ड व टायर यांमध्यें आंगठा सुखानें शिरतो कीं नाहीं. शिरत नसेल तर खरिपांत तें काढून ठेवावें. खर्चाचें म्हणाल तर रिमा, तारा, टायर, ट्यूबा, मडगार्डें व मजुरी मिळून आम्हांस साध्या नव्या सायकलीच्या किमतीच्या निम्म्याहून थोडा अधिक खर्च आला. जुना सांगाडा सरळ असेल, गंजानें नळी पातळ झालेली नसेल, तरच तो करावा. नळीवर पान्यानें हलके ठोकून पाहावें. आवाज बोदा आला तर सायकल मोडींत देण्यास हरकत नाहीं.

दिवाळीनंतर फुलांच्या रिकाम्या टेंपोंतून सायकल गांवीं गेली. पुतणीस ती उंच झाली, म्हणून बैठक पुरती खालीं घ्यावी लागली. हिवाळा व उन्हाळा कांहीं तक्रार आली नाहीं. यंदाच्या मृगाचा पाऊस पडल्यावर आम्हीं मुद्दाम फोन करून विचारलें. पुढील मडगार्ड तिनें पहिल्याच दिवशीं काढलें होतें. तें पडवींत पाभरीच्या शेजारीं खुंटीवर टांगलेलें आहे. कामठी एकदां वाटेंत पडली, ती तिच्या आजोबांनीं दुसरी करून दिली. गाडीवाटेचे दोन किलोमीटर ओले असले कीं ती सायकल हातांत धरून चालत जाते व सडकेवर आल्यावर बसते. बंधू म्हणाले कीं असेंच करावयाचें तर सायकल कशास हवी होती. आम्हीं त्यांस उरलेले तीन किलोमीटर मोजून दाखविले.